नानांकडे राहिलेली अर्धी वाट

परभणीत मला अजूनही 'आफ्रिकेवाल्या मॅडम' म्हणतात. भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाली शेजारणीला हळूच सांगते, ह्या आफ्रिकेत होत्या. यंदा या अंकाच्या संपादकांचा लेखासाठी फोन आला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सिंह, हत्ती आणि घनदाट जंगल उभं असणार, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं. मी आधीच सांगून टाकलं की घानात मी कित्येक पावसाळे काढले, पण सिंह एकही पाहिला नाही. मी पाहिलं ते रक्त. बोटाच्या टोकाचा थेंब, काचपट्टीवर, भिंगाखाली. तेवढं चालत असेल तर लिहिते म्हटलं. ते 'चालेल की' म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता.

माझा धंदा आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर एक थेंब जाड ठेवायचा आणि दुसरा शेजारी पातळ पसरवायचा. वाळले की रंगवायचे. जाड थेंबात हिवतापाचा जंतू आहे की नाही ते कळतं, पातळ थरात तो कुठल्या जातीचा ते कळतं. भिंगाखाली हा जंतू निळसर, बारीक कड्यासारखा दिसतो आणि त्यावर एक लाल ठिपका असतो, अंगठीवर खडा बसवावा तसा. डोळ्याला एकदा सवय झाली की तो लपत नाही. ती सवय व्हायला मात्र वर्षं जातात, आणि तेवढ्यात मानेचं नि कमरेचं जे होतं ते सांगत बसले तर लेख तिथंच संपेल.

हे सगळं मी शिकले आपल्याच जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत. वालूर माझं सासर. पहिली नोकरी जवळच मिळाली, मग बदली होऊन सोनपेठला गेले. पाऊस उघडला की थंडीतापाची रांग लागायची आणि मी सकाळपासून भिंगाला डोळा लावून बसायची.

सोनपेठचा एक म्हातारा मला आयुष्यभर पुरला. बाजाराचा दिवस होता. बाहेर अंगाला घोंगडी लपेटून, कुडकुडत बसला होता, पण बोट पुढं करायला तयार नव्हता. आरोग्यसेवकानं सांगितलं, मी सांगितलं, बरोबर आलेल्या सुनेनं सांगितलं. शेवटी त्यानं मनातलं बोलून दाखवलं, "तुमी रक्त इकता म्हनं, बाई. एकेक थेंब जमा करून शहरात नेता." माझं डोकं मुळातच तापट. मी म्हटलं, बोट द्या, आणि लगेच घरी जायचं नाही, इथंच बसायचं. थेंब घेतला, वाळवला, रंगवला आणि त्याला स्टुलावर बसवून भिंगातून बघायला लावलं. बराच वेळ तो डोळा काढेना. मग हळूच विचारलं, हे माझंच का? मी म्हटलं, तुमचंच, आणि ती जी बारीक कडी दिसायलीत ना, तो तुमचा ताप. गोळ्या घेऊन गडी बाजारात गेला आणि आपण आपला ताप डोळ्यांनी पाहिला, असं सगळ्यांना सांगत सुटला. पुढच्या बाजाराला दवाखान्यात तापाच्या रोग्यांपेक्षा ताप बघायला आलेल्यांचीच गर्दी जास्त होती. मी वैतागले, पण सगळ्यांना दाखवलं. ज्याचं रक्त आहे त्याला ते दाखवायला आपलं काय जातं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढं पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत गेले आणि तिथून घानाच्या एका प्रकल्पावर मला मागणी आली. तिथं हिवतापावर मोठं संशोधन चाललं होतं आणि काचपट्टी वाचणारी सरावाची माणसं हवी होती. मुलं मोठी झाली होती. आमचे हे शिक्षक, शांत माणूस. म्हणाले, जा म्हणण्यासारखंही काही नाही नि नको म्हणण्यासारखंही नाही, तूच ठरव. मी ठरवलं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते अजिबात पसंत नव्हतं. सुनेनं समुद्रापलीकडं एकटीनं जायचं, तेही परक्यांचं रक्त बघायला, हे काही त्यांच्या गळी उतरलं नाही. निघायच्या दिवशी वालूरच्या घरी पाया पडले आणि म्हटलं, "येते, आत्याबाई."

"जा," त्या म्हणाल्या. "तुला जायाचंच हाय तं जा."

आपल्याकडं निघणाऱ्याला 'ये' म्हणतात. 'जा' कुणाला म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. विमानात बसले तरी तो शब्द माझ्याबरोबरच होता आणि मला रडू आलं, ते मी काही लपवत नाही.

घानात पोचल्यावर मात्र रडायला वेळ मिळाला नाही. प्रयोगशाळा एका तालुक्याच्या गावी होती. लाल माती, दोन्ही बाजूंना कोकोच्या बागा, दमट उकाडा. वीज जायची तेव्हा युरोपातून आलेले लोक हवालदिल व्हायचे, मी विजेऐवजी आरशानं उजेड घेणारं जुनं भिंग काढून त्याचा आरसा खिडकीकडं वळवायची. वीज जाण्याच्या बाबतीत परभणीकराला कुणी घाबरवू नये. दुसरी अडचण मुंग्यांची. वाळत ठेवलेल्या काचपट्ट्यांवरचं रक्त मुंग्या चाटून नेतात आणि सकाळी बघावं तर पट्टी स्वच्छ. हे आमच्याकडंही व्हायचं. मी बाजारातून वाट्या आणल्या, त्यांत पाणी भरून रॅकचे चारही पाय वाट्यांत ठेवले, आपण दुधाच्या जाळीच्या कपाटाला करतो तसं. प्रकल्पाचे डॉक्टर बघायला आले, हसले आणि दुसऱ्या प्रयोगशाळांनाही तसंच करायला सांगितलं. मला त्याचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो.

हे डॉक्टर तिथलेच. हुशार, सज्जन आणि सतत घाईत. त्यांचा अभ्यास होता मच्छरदाण्यांवर. सरकार जी औषध लावलेली जाळी वाटायचं तिच्यापेक्षा नव्या औषधाची जाळी खरंच चांगली आहे का, हे बघायचं होतं. काही गावांना जुन्या औषधाची जाळी द्यायची, काही गावांना नव्या. दोन्ही दिसायला सारख्याच निळ्या. फरक एवढाच की एकीच्या काठाला पिवळा दोरा शिवलेला, दुसरीच्या काठाला हिरवा. कुठला दोरा म्हणजे कुठलं औषध, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं असतं तर आमचा डोळाही नकळत एका बाजूला झुकला असता. काचपट्टीवर मुलाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. मी एका खोलीत वाचायची, दुसरा वाचणारा दुसऱ्या खोलीत, आणि आमचं जुळलं नाही तर तिसरा. चहाच्या वेळीसुद्धा त्यावर बोलायचं नाही. असं आंधळेपणानं काम केलं तरच उत्तर खरं मानतात.

कुठल्या गावाला कुठला दोरा हे चिठ्ठी काढून ठरलं, आणि ते सगळ्या गावांसमोर, उघड्या मैदानात. प्रत्येक गावानं आपला माणूस पुढं करायचा आणि पिशवीत हात घालायचा. आसुक्रोम नावाच्या गावानं अकोसुआला पुढं केलं. तिनं हात घातला आणि हिरवा दोरा बाहेर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरवा म्हणजे काय हे कुणाला माहीत होतं!

अकोसुआ आसुक्रोमचीच लेक. शिकून नर्स झालेली आणि आमच्या प्रकल्पात घरोघर फिरून मुलांचे रक्तनमुने घेणारी. उंच, मोठ्यानं हसणारी, कुणालाही न घाबरणारी. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, पण माझ्या कानात ते का कोण जाणे वालूरच्या बायकांच्या बोलीत उतरायचं. आठवतं तेही तसंच, म्हणून इथं तसंच लिहिते. मी शाकाहारी आणि तिथं प्रत्येक रश्श्यात सुकी मासळी, तेव्हा माझ्या जेवणाची फिकीर तिनंच केली. एकदा बाजारात मला ज्वारी दिसली. उत्तरेकडून येते म्हणे, आणि तिची पेज करतात किंवा बिअर करतात. दळून आणली आणि भाकरी थापली. अकोसुआ बघतच राहिली. खाऊन झाल्यावर तिचा निकाल असा, "आंटी, बिअरीचं धान्य तुमी वाया घालवायलाव." पण पुढच्या रविवारी भाकरी मागायला तीच आली.

आसुक्रोममध्ये माझं पाऊल पडलं ते एका तक्रारीमुळं. गावात कुजबुज सुरू झाली होती की पोरांचं रक्त जमा करून परदेशात विकतात. बायका अकोसुआला दार उघडेनात. डॉक्टर चिंतेत पडले, आणि मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मायक्रोस्कोप गाडीत घाला आणि मला न्या.

तिथं गावात शिरलं की आधी राजाला भेटायचं. राजाला नाना म्हणतात. आपल्याकडच्या नानांशी त्यांचं काही नातं नाही, पण दरारा तोच. भेटीला रिकाम्या हातानं जात नाहीत, दारूची बाटली न्यायची असते. त्यातली थोडी ते जमिनीवर ओततात, पूर्वजांसाठी. आता मी लिंगायताच्या घरची, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि पिशवीत दारूची बाटली. त्या दिवशी आमच्या यांना फोनवर हे सांगितलं तर पलीकडून एवढंच आलं, की आईला सांगू नकोस. नानांशी थेट बोलायचं नसतं. शेजारी काठी घेऊन त्यांचा ओक्येआमे उभा असतो, त्याला नानांचं तोंड समजा. आपण त्याला सांगायचं, तो नानांना सांगणार. दोघं हाताच्या अंतरावर बसलेले, ऐकू सगळं येतंय, तरी असंच. मला सुरुवातीला हसू आलं. मग लक्षात आलं की मधे तिसरा असला की माणूस रागाच्या भरात काही बोलून बसत नाही. माझ्यासारखीला हे फारच सोयीचं होतं.

मग झाडाखाली टेबल मांडलं आणि सोनपेठला केलं तेच केलं. आधी माझं स्वतःचं बोट टोचलं. मग ज्यांची इच्छा त्यांना त्यांचंच रक्त दाखवलं. ओक्येआमेनं काठी बाजूला ठेवून पाहिलं. एका बाईनं माझ्या गळ्यातली डबी धरून विचारलं, यात तापाचं औषध आहे का. मी म्हटलं, यात माझा देव आहे, ताप त्याच्याकडं नाही, ताप इथं भिंगाखाली आहे. अद्वोआ नावाची एक आई होती, तिच्या लेकाला आदल्या पावसाळ्यात, आमच्या जाळीखाली झोपत असूनही, इतका जोराचा ताप आला होता की अकोसुआनं त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं. पोरगा वाचला होता. अद्वोआनं सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं. मग उठून तिनं दुसऱ्या बायकांना काहीतरी सांगितलं आणि त्या दिवसापासून दारं उघडली.

निघताना अकोसुआनं मला थांबवलं. तिथं नुसतं उठून चालू लागत नाहीत, नानांकडं वाट मागावी लागते. मी वाट मागितली. ओक्येआमे म्हणाला, नाना तुम्हाला अर्धी वाट देतात, उरलेली अर्धी इथं ठेवून घेतात. म्हणजे पाहुण्यानं परत यायचं. मला वालूरचा उंबरा आठवला. आमच्याकडं 'येते' म्हणतात ते हेच तर आहे. पण नानांचं बोलणं संपलं नव्हतं. पूर्वीही गावात माणसं आली होती, कुणी पाणी तपासलं, कुणी मुलांची उंची मोजली. काय निघालं ते सांगायला कुणी फिरकलं नाही. या वेळी कुणी येणार आहे का?

मी कुणालाही न विचारता म्हणून टाकलं, "मी येईन. जे निघेल ते मी स्वतः सांगेन."

हे सांगायचा अधिकार मला नव्हता. मी काचपट्ट्या वाचणारी बाई, निकाल जाहीर करणारी नव्हे. पण बोलून बसले, आणि अकोसुआनं ते घरोघर पोचवलं. तिच्या शब्दावर आसुक्रोमनं पुढचे पावसाळे बोटं दिली.

अभ्यास संपला. शेवटची काचपट्टी वाचून झाली, आकडेमोड झाली आणि दोऱ्यांचं गुपित उघडायचा दिवस आला. आम्ही सगळे एका खोलीत. नवी जाळी खरंच चांगली निघाली, तिच्याखाली झोपणाऱ्या मुलांना ताप कमी आला होता. खोलीत आनंदीआनंद झाला. पिवळा म्हणजे नवी. मी अकोसुआकडं पाहिलं. ती हसत नव्हती. हिरवा तिच्या हातानं निघाला होता.

मग प्रकल्पाची आवराआवर सुरू झाली. माझं परतीचं तिकीट आलं. मी डॉक्टरांना विचारलं, आसुक्रोमला कधी जायचं? ते म्हणाले, निकाल छापून येईल, आरोग्य खात्याला जाईल आणि यथावकाश सगळ्या गावांना नव्या जाळ्या मिळतील. गावात जाऊन तुमची पोरं जुन्या जाळीखाली होती असं सांगितलं तर लोक भडकतील, पुढचं कुठलंच काम तिथं होणार नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. जुनी जाळी वाईट नव्हती, सरकार देतं तीच होती, कुणाला फसवलं नव्हतं. पण हे तापानं पोर हातचं जाता जाता वाचलेल्या आईला समजावणार कोण?

संध्याकाळी अकोसुआ माझ्या खोलीवर आली. नेहमीसारखी मोठ्यानं बोलली नाही.

"आंटी, तुमी जाताल. डॉक्टर दुसऱ्या गावाला जातेल. मला तितंच ऱ्हायाचंय. उद्या कुटून तरी त्यान्ला कळंलच. मंग म्हनतेल, हिच्याच हातानं हिरवा निगाला आन हिनंच तोंड लपवलं. मला तितं पानी कोन देईल?"

शब्द मीच दिलेला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की मी विमानात बसेन, पण आसुक्रोमला जाऊन आल्यावर. गाडी देत नसाल तर ट्रोट्रोनं जाईन. ट्रोट्रो म्हणजे तिथली काळी-पिवळी, माणसं कोंबून नेणारी. ते चिडले. मीही चिडले, आणि मधे ओक्येआमे नव्हता. मी म्हटलं, डॉक्टर, रक्त घेताना आपण घरोघर गेलो, मग उत्तर द्यायला टपालानं का जायचं? त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, गाडी मी चालवतो.

आसुक्रोमला सगळं गाव जमलं होतं. नाना मधे बसलेले, शेजारी ओक्येआमे. डॉक्टरांनी अभ्यासाचं सांगितलं आणि नेमक्या जागी येऊन ते थांबले. माझ्याकडं पाहिलं. मी उभी राहिले. मी ओक्येआमेला सांगितलं, नानांना सांगा, उत्तर आणलंय. पिवळ्या दोऱ्याची जाळी नवी होती, ती चांगली निघाली. हिरव्या दोऱ्याची जुनी होती. आसुक्रोमची पोरं जुन्या जाळीखाली झोपली.

कुणी ओरडलं नाही. मग अद्वोआ उठली, लेक तिच्या बाजूला उभा. तिनं विचारलं, हे आधी कुणाला माहीत होतं का? मी म्हटलं, कुणालाच नाही. तिनं विचारलं, चिठ्ठी कुणी काढली होती? तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. अकोसुआ पुढं आली आणि तिनं उजवा हात वर केला.

नाना ओक्येआमेशी बराच वेळ बोलत होते. मग ओक्येआमे माझ्याकडं वळला. नाना विचारत होते, कुणीतरी जुनी जाळी घेणं गरजेचंच होतं का? मी म्हटलं, हो. नव्या जाळीखालच्या पोरांचं रक्त तुमच्या पोरांच्या रक्ताशेजारी ठेवलं, म्हणूनच फरक दिसला. सगळ्यांनाच नवी दिली असती तर ती चांगली आहे हे कळायला मार्गच नव्हता.

नानांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच ते ओक्येआमेची वाट न बघता माझ्याकडं पाहून बोलले. ओक्येआमेनं ते मागून सांगितलं. "मग हे उत्तर आमचं आहे. पिवळ्या दोऱ्याच्या गावांना जाळी मिळाली. उत्तर आमच्या मुलांनी मिळवलं, अंगावर ताप घेऊन. तुम्ही ज्या ज्या देशात हे सांगाल, तिथं आसुक्रोमचं नाव घ्या."

अद्वोआचं मात्र एवढ्यानं भागलं नाही, आणि का भागावं? ती म्हणाली, नव्या जाळ्या येतील तेव्हा माझ्या घरातली जाळी अकोसुआनं बांधायची. तिच्याच हातानं. डॉक्टरांनी उठून सांगितलं, जाळ्या गाडीतच आहेत. मला हे ठाऊक नव्हतं. आधीच घालून ठेवल्या होत्या त्यांनी, आणि रस्ताभर एका शब्दानं बोलले नाहीत. मी त्यांच्याशी भांडले होते ते मनातल्या मनात मागं घेतलं. अकोसुआ जाळी घेऊन अद्वोआच्या घरात गेली, आणि आम्ही बाहेर उभे. आत कुणी काही बोललं का ते मला माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा अद्वोआच्या हातात पाण्याचं भांडं होतं आणि ते तिनं आधी अकोसुआला दिलं. अकोसुआनं ते उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं आणि मग तिला रडू फुटलं.

निघताना मी जरा ऐटीतच वाट मागितली. म्हटलं, शब्द पाळलाय, आता माझी राहिलेली अर्धीही द्या. ओक्येआमेला हसू आवरेना. नाना म्हणतात, पूर्ण वाट आम्ही ज्याला देतो त्याचं नाव पुन्हा गावात काढत नाही. तुम्हाला अर्धीच.

पुढं निबंध छापून आला. मोठमोठ्या लोकांनी वाचला. शेवटी आभारांत माझंही नाव आहे, बारीक अक्षरांत, आणि ते पान मी जपून ठेवलंय. पण अशा निबंधात गावांना नाव नसतं, क्रमांक असतो. त्याची खंत मला अजून आहे. म्हणून आज या अंकात लिहिते: आसुक्रोम. नव्या जाळीची परीक्षा झाली ती आसुक्रोमच्या पोरांच्या जिवावर.

मी परत आले, निवृत्त झाले. नानांच्या अर्ध्या वाटेची गोष्ट घरी सांगितली. आत्याबाई गहू निवडत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही तेही कळू दिलं नाही.

अकोसुआ आता तिथं नव्या पोरींना काम शिकवते. मागं एका प्रशिक्षणासाठी ती हैदराबादला आली आणि हट्टानं वालूरला आली. गाव लोटलं होतं बघायला. आत्याबाई आता फार थकल्यात, पण तिला जवळ बसवून त्यांनी स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. तिनं ती खाल्ली आणि बिअरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. आत्याबाईंनी मला विचारलं, "हीच का ती? जिच्या हाताला हिरवा आल्ता?" म्हणजे सगळं ऐकलं होतं तर.

निघायची वेळ झाली. मी तिला परभणीला रेल्वेत बसवून रात्री वालूरला माघारी येणार होते. अकोसुआ उंबऱ्यात थांबली, आत्याबाईंकडं वळली आणि तिच्या रीतीप्रमाणं वाट मागितली. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी हातानंच मला गप्प केलं.

"कळलं मला. तिला सांग, अर्धीच देते म्हनावं. बाकीची हितं ऱ्हाईल."

मी सांगितलं. अकोसुआ इतकी मोठ्यानं हसली की गल्लीतली पोरं दचकली. मग मी पायांत चपला घातल्या आणि नेहमीसारखं म्हटलं, येते, आत्याबाई.

त्यांनी माझा हात धरला आणि पटकन सोडला नाही.

"तुला बी अर्धीच हाय," त्या म्हणाल्या. "त्या येळंला म्या पुरी दिल्ती."